आषाढातल्या दुपारी पाहावा असा निळा : बेळगाव-खानापूरकडच्या घरांत झोपण्याच्या खोलीचा रंग कसा निवडावा

बेळगावातल्या शहापूर किंवा वडगावच्या साडीच्या दुकानात बसलेल्या बाईला चिंतामणी आणि मोरपिशी या दोन निळ्यांतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही, आणि तरीही साडी पसंत करण्याआधी ती घडी हातात घेऊन उंबऱ्यापाशी जाते, पदर उजेडात धरते, मागेपुढे करून बघते आणि मगच भावाची बोलणी सुरू करते. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नसतो. तीच बाई किंवा तिचा नवरा खोलीचा रंग घ्यायला जातात तेव्हा मात्र शेडकार्डावरच्या दोन बोटे रुंद चौकोनावर बोट ठेवून दहा मिनिटांत मोकळे होतात, आणि तो रंग पुढची सात-आठ वर्षे रोज सकाळी डोळे उघडताच समोर असतो. निळा रंग निवडताना तर ही घाई फारच महागात पडते, कारण उजेड बदलला की पिवळ्या किंवा बदामी रंगापेक्षा निळा कितीतरी जास्त बदलतो.

हे मी स्वानुभवावरून लिहीत आहे. माझ्या झोपण्याच्या खोलीचा रंग मी फेब्रुवारीतल्या एका लख्ख दुपारी निवडला होता आणि कार्डावर तो अगदी निरभ्र आकाशासारखा दिसत होता. मार्च-एप्रिलमध्ये येणारेजाणारे कौतुक करून गेले. जुलै लागला, दिवसचे दिवस सूर्य दिसेना, आणि तीच भिंत ओल्या पाटीसारखी काळपट राखी दिसू लागली. दुपारी तीन वाजता दिवा लावल्याशिवाय खोलीत जावेसे वाटेना. त्यानंतर मी एक नियम धरला आणि जो कोणी विचारेल त्याला तोच सांगते : आपल्या भागात निळा रंग निवडायचा तो आषाढातल्या अंधाऱ्या दुपारी कसा दिसेल ते पाहून. उन्हाळ्यात बहुतेक सगळेच निळे चांगले दिसतात, त्यामुळे उन्हाळ्यातली पसंती ही परीक्षाच नव्हे.

आधी खोलीचा उजेड ओळखा

रंगाच्या दुकानात जाण्यापूर्वी एक दिवस फक्त खोली बघण्यात घालवावा. सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला खोलीच्या मधोमध उभे राहून कोणत्या भिंतीवर उजेड पडतो, कोणती भिंत सावलीत राहते आणि खिडकीबाहेर काय आहे, हे कागदावर टिपून ठेवावे. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी पिवळसर ऊन येते आणि दुपारनंतर ती खोली थंड, सपाट उजेडात राहते. पश्चिमेच्या खोलीत नेमके उलटे घडते, आणि मावळतीच्या तांबूस उन्हात फिकट निळा कधी कधी जांभळट, तर कधी चक्क मातकट दिसतो. उत्तरेच्या खिडकीचा उजेड मुळातच निळसर असल्यामुळे तिथे राखी झाकेचा निळा उदास दिसतो, ही सर्वसाधारण शिकवण बरोबर आहे, पण ती आपल्याकडे जशीच्या तशी लागू करू नये. बेळगाव साधारण 15.85 उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सूर्य माथ्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा दक्षिणेकडे येतो. म्हणजे मे महिन्यात आपल्या उत्तरेकडच्या भिंतीवरही ऊन येते, आणि जूनपासून ते ढगांत हरवते. उत्तरेकडची खोली मेमध्ये पाहून रंग ठरवणाऱ्याची फसगत होते ती यामुळे.

जिल्हा एकच असला तरी उजेड एक नाही. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो आणि अथणीकडे तो पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. बेळगाव शहर या दोहोंच्या मधले. खानापूर तालुक्यातल्या घराला झाडी, पुढे आलेली कौलारू पडवी आणि लहान खिडक्या यांमुळे आधीच उजेड कमी असतो, आणि खिडकीबाहेरचा हिरवा रंग आत येऊन भिंतीवर पडतो, त्यामुळे हिरव्या झाकेचा निळा तिथे पावसाळ्यात शेवाळी दिसण्याचा धोका असतो. अथणी-चिकोडीच्या उघड्या माळावरच्या घरात त्रास उलटा आहे : उजेड इतका की फार फिकट निळा दिवसा पांढराच वाटतो. निपाणीच्या एका नातेवाइकांकडे चांगला दिसला म्हणून लोंढ्याच्या घराला तोच नंबर लावणे हा निव्वळ जुगार आहे.

मग भिंत तपासा, कारण निळा रंग दोष लपवत नाही

नवख्या माणसाला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पैसे वाया जातात ते इथेच. बदामी किंवा मळखाऊ रंगावर ओलीचा डाग लवकर लक्षात येत नाही. निळ्यावर, त्यातही मध्यम आणि गडद निळ्यावर, ओल काळ्या नकाशासारखी दिसते आणि लोणा लागला, म्हणजे भिंतीतले क्षार वर आले, तर त्याची पांढरी पूड लांबूनही नजरेत भरते. म्हणून ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते ती आधी कोरडी करावी; गळती कौलांतून आहे, बाहेरच्या भेगेतून आहे की पायातून वर चढते आहे हे शोधून तिचा बंदोबस्त करावा आणि मगच रंगाचा विचार करावा. ओल आहे की नाही हे कळत नसेल, तर हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून एक दिवस तसाच ठेवावा. काढल्यावर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत गडद झालेली दिसली तर भिंतीतून ओल बाहेर पडते आहे असे समजावे. नव्या गिलाव्याला किमान 28 दिवस तरी वाळू द्यावे, आणि पावसाळ्यात केलेल्या गिलाव्याला त्याहून बरेच अधिक.

जुन्या घरांत आणखी एक अडचण असते. गौरी-गणपतीच्या आधी चुना देण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती आणि त्या चुन्यात थोडी नीळ टाकत असत. ती थोडी असली तर पिवळेपणा मारून पांढरा रंग उजळत असे आणि जास्त असली तर भिंत आकाशी होत असे. कपड्यांना घालण्याची ही पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, जी 1820च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कृत्रिम रीतीने तयार होऊ लागली आणि त्यामुळे स्वस्त झाली. चुन्यात ती टिकते, कारण चुन्याच्या क्षाराचा तिच्यावर परिणाम होत नाही; त्याआधीपासून वापरात असलेला प्रशियन निळा मात्र चुन्यात तपकिरी पडतो. ही माहिती केवळ जिज्ञासेपोटी दिलेली नाही. ज्या भिंतीवर वर्षानुवर्षांच्या निळीच्या चुन्याचे थर आहेत त्यांच्यावर थेट इमल्शन, म्हणजे डब्यातला पाण्यात कालवायचा प्लॅस्टिक रंग, लावले, तर इमल्शन भिंतीला न चिकटता चुन्याच्या सुट्या थराला चिकटते आणि पुढच्या पावसाळ्यात पापड सुटावेत तसे सुटते. तळहात भिंतीवर जोरात फिरवून पाहावा. हाताला पूड लागली तर तो चुना पत्र्याने खरवडून, पाण्याने धुऊन, भिंत वाळवूनच पुढे जावे.

पण सगळ्याच भिंतींवर इमल्शन लावलेच पाहिजे असेही नाही. खानापूर भागातल्या जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या जाड भिंती ओल शोषतात आणि हवेत सोडतात. त्यांना प्लॅस्टिकसारख्या थराने बंद केले की ओल आत अडकून राहते. अशा खोलीला आजही निळीचा चुना हाच योग्य रंग आहे, असे माझे मत आहे, आणि तो स्वस्त आहे म्हणून नव्हे. चुना किमान एक दिवस भिजत घालावा, कापडातून गाळून घ्यावा, नीळ वेगळ्या भांड्यात पाण्यात कालवून पुरचुंडीतून पिळून त्यात घालावी, कारण नीळ कोरडी टाकली तर भिंतीवर निळे ओरखडे उठतात. सगळ्या खोलीला पुरेल इतका चुना एकदम कालवावा. दुसऱ्या बादलीतली निळाई पहिलीशी कधीच जुळत नाही. आणि हे ध्यानात ठेवावे की ओला चुना पुष्कळ गडद दिसतो आणि वाळल्यावर फिकट होतो, तर इमल्शनचे नेमके उलटे आहे : ते ओले असताना किंचित फिकट असते आणि वाळून गडद होते.

या दुसऱ्या गोष्टीचा अनुभव आमच्या घरी आला तो असा. पहिला हात लागताच माझ्या सासूबाईंनी हरकत घेतली, ‘मामा, हा तर पांढराच दिसतो की,’ आणि रंगारी मामा शिडीवरूनच म्हणाले, ‘आक्का, ओला आहे अजून. उद्या सकाळी बघा, मग बोला.’ दुसऱ्या दिवशी सकाळी तो पांढरा राहिला नव्हता. अर्ध्या वाळलेल्या भिंतीकडे पाहून रंगाऱ्याला डब्यात आणखी निळा मिसळायला लावणारे घरमालक मी तेव्हापासून बरेच पाहिले आहेत, आणि त्यांच्या भिंतींवर ठिगळे पडलेलीही पाहिली आहेत.

झाक ओळखल्याशिवाय निळा घेऊ नये

निळा म्हणून जो दिसतो त्यात जवळजवळ नेहमी दुसरा एक रंग लपलेला असतो. हिरव्याकडे झुकणारा निळा म्हणजे फिरोजी आणि मोरपिशीच्या घराण्यातला. जांभळ्याकडे झुकणारा म्हणजे गोकर्णीच्या फुलासारखा. आणि राखाडीकडे झुकणारा म्हणजे पावसाळी ढगासारखा. फिकट छटेत ही झाक ओळखता येत नाही, आणि भिंतभर पसरली की तीच सर्वांत आधी दिसते. ओळखण्याची सोपी युक्ती अशी की शेडकार्डावर ज्या पट्टीत तुमची फिकट छटा आहे त्याच पट्टीतली सर्वांत गडद छटा पाहावी, कारण ती बहुधा त्याच कुळातली असते आणि तिच्यात झाक स्पष्ट दिसते. शिवाय कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून, शेजारच्या छटा दुसऱ्या कागदाने झाकून पाहावे. आजूबाजूला पाच निळे असताना सहावा नीट दिसत नाही.

आता कोणती झाक कुठे घ्यावी? पावसाचा जोर जास्त असलेल्या भागात, कमी उजेडाच्या खोलीला, राखी झाक शक्यतो टाळावी आणि किंचित जांभळ्याकडे झुकणारा स्वच्छ फिकट निळा घ्यावा. ढगाळ दिवशीही तो मरगळत नाही. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत, भरपूर उजेडाच्या खोलीला, राखी झाकेचा निळा फार शांत दिसतो आणि डोळ्यांवर येत नाही. हिरव्या झाकेचा निळा पश्चिमेच्या खोलीत सांभाळून वापरावा, कारण संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात तो आणखी हिरवा होतो. घरात वयस्कर माणसे असतील तर त्यांनाही नमुना दाखवावा, आणि तो केवळ मान ठेवण्यासाठी नव्हे : वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळा उजेड कमी आत सोडते, त्यामुळे ज्याला आपण फिकट निळा म्हणतो तो त्यांना अधिक राखी दिसू शकतो. ज्याची खोली त्याचे डोळे प्रमाण मानावेत.

किती गडद

बऱ्याच कंपन्यांच्या शेडकार्डांवर किंवा संकेतस्थळांवर प्रत्येक छटेसमोर एलआरव्ही म्हणून एक आकडा दिलेला असतो. पडलेल्या उजेडापैकी किती उजेड तो रंग परत टाकतो याचे ते माप आहे. शून्य म्हणजे काळा आणि 100 म्हणजे पांढरा. एकाच खिडकीच्या खोलीला, विशेषतः खानापूर-बेळगावच्या बाजूला, मी 60 च्या खाली जात नाही. मोठ्या दोन खिडक्या असतील किंवा घर चिकोडी-अथणीकडे असेल तर 45-50 पर्यंत उतरायला हरकत नाही. दुकानदाराने आकडा सांगितला नाही तर मोबाइलमध्ये कंपनीचे नाव आणि छटेचा नंबर टाकून तो पाहता येतो.

गडद निळ्याची हौस असेल तर ती पलंगाच्या उशालगतच्या एकाच भिंतीवर भागवावी आणि ती भिंत खिडकीच्या समोरची असावी, खिडकी जिच्यात आहे ती नव्हे. खिडकीच्या भिंतीला गडद रंग दिला की उजेडाच्या चौकोनाभोवती काळी चौकट दिसते. गडद छटा पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात मशीनवर छटा मिसळतात त्या मूळ रंगात, होत नाही, तिला वेगळा बेस लागतो, तो कमी झाकतो, आणि दोन हातांऐवजी तीन हात लागण्याची तयारी ठेवावी लागते. लांबी (पुट्टी) भरताना राहिलेला प्रत्येक उंचसखलपणा बाजूच्या उजेडात उठून दिसतो, म्हणून त्या भिंतीचे घासकाम दिवा भिंतीला टेकवून, तिरप्या उजेडात तपासून घ्यावे. चकाकी कमी असलेला मॅट रंग हे दोष झाकतो, पण गडद मॅटवर हात किंवा उशी घासली की चमकते डाग पडतात. पलंगाला पाठ असेल तर मॅट, नसेल तर हलक्या चकाकीचा धुता येणारा रंग, असा हिशेब ठेवावा.

संधिप्रकाशात निळ्याचा एक गुण दिसतो तो अंगणात जाऊन पाहण्यासारखा आहे. दिवेलागणीला लाल जास्वंद आणि निळी गोकर्ण शेजारी शेजारी असतील तर आधी जास्वंद काळी पडते आणि गोकर्णीचे फूल बराच वेळ उजळ दिसत राहते, कारण कमी उजेडात आपला डोळा लाल रंगाला लवकर मुकतो आणि निळ्याला धरून राहतो. झोपण्याच्या खोलीत, जिथे आपण अर्धा वेळ मंद उजेडातच असतो, तिथे निळा रंग बरा वाटतो त्याचे एक कारण हे असावे. निळ्या भिंतींनी झोप गाढ लागते, या जाहिरातींतल्या वाक्यावर मात्र रंगाचे बजेट वाढवू नये. रात्रीच्या निळ्या उजेडाने झोप उडते असे जे सांगतात ते मोबाइलच्या पडद्याविषयी आणि पांढऱ्या दिव्यांविषयी आहे. भिंत स्वतः उजेड देत नाही, त्यामुळे त्या कारणाने निळ्या भिंतीला घाबरण्याचेही काही कारण नाही.

दिवा, फरशी आणि लाकूड

आपल्याकडे बहुतेक खोल्यांत 6500 केल्विनचे पांढरेशुभ्र एलईडी असतात. त्यांच्याखाली फिकट निळा बर्फासारखा थंड दिसतो, आणि 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली तोच राखी किंवा हिरवट होतो. मध्यम मार्ग 4000 केल्विनचा आहे आणि झोपण्याच्या खोलीला तो मला सर्वांत मानवतो. रंगाआधी दिवा ठरवावा, कारण दिवा बदलायला शंभर-दीडशे रुपये लागतात आणि भिंत बदलायला काही हजार.

फरशीचा रंग भिंतीच्या खालच्या हातभर भागावर चढतो. लाल कोब्याची जमीन असेल तर तिथला निळा मळकट दिसतो, आणि ऊन आत येत असेल तर जास्तच. अशा खोलीत राखी झाकेचा निळा नकोच. शहाबादी फरशीवर बहुतेक निळे शोभतात. सागवानी पलंग आणि कपाट निळ्यासमोर अधिक तांबूस दिसते, कारण नारिंगी आणि निळा हे एकमेकांना उठाव देतात. ज्यांना लाकूड खुलून दिसायला हवे त्यांना हे आवडते, आणि ज्यांना खोली शांत हवी त्यांनी एक छटा फिकट उतरावे. तक्तपोशी (लाकडी छत) किंवा सागवानी दारे रंगवून निळ्याशी जुळवण्याच्या फंदात पडू नये, ती पॉलिशमध्येच ठेवावीत. छत लाकडी नसेल तर ते पांढरे ठेवावे. भिंतींची निळाई त्यावर आपोआप पडते, त्यामुळे छतासाठी निळसर पांढरा मुद्दाम मागून घेण्याची गरज नसते.

नमुना भिंतीवर, आणि तोही एकदाच नव्हे

इथवर आल्यावर तीन छटा हातात उरायला हव्यात. काही कंपन्यांचे छोटे नमुना डबे मिळतात. नसतील तर एक-एक लिटर घ्यावे, तो खर्च वाया जात नाही. थेट भिंतीवर लावण्याऐवजी दोन फूट बाय दोन फुटांचा प्लायवुडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन, त्यावर प्रायमर देऊन, रंगाचे दोन हात लावावेत आणि कडेने दोन बोटे पांढरी पट्टी सोडावी. जुन्या पिवळ्या भिंतीला लागून रंग पाहिला तर तो खरा आहे त्याहून जास्त निळा वाटतो. पांढरी पट्टी तो भास तोडते. तुकडा पूर्ण वाळल्यावर एक दिवस खिडकीसमोरच्या भिंतीला, एक दिवस खिडकीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, असा हलवत सकाळ, दुपार आणि रात्र पाहावा. पावसाळा नसेल तर आषाढ कसा आणावा? पडदे निम्मे ओढून आणि दिवा बंद ठेवून संध्याकाळी सहाच्या सुमारास पाहावा. तंतोतंत नसला तरी तो उजेड पुरेसा खरे सांगतो. त्या उजेडात जो निळा अजून निळा वाटतो, राखी किंवा काळपट नव्हे, तोच घ्यावा, मग दुपारच्या उन्हात दुसरा कितीही देखणा दिसो.

माप, डबा आणि रंगारी

दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली धरू. चारी भिंतींची एकूण लांबी 44 फूट, म्हणजे क्षेत्रफळ 440 चौरस फूट. दार आणि खिडकी वजा केली की साधारण 400 उरते. चांगल्या लांबी-प्रायमरवर एक लिटर इमल्शन एका हाताला 100 ते 140 चौरस फूट जाते, म्हणजे दोन हातांच्या 800 चौरस फुटांना सहा ते आठ लिटर लागतील. खडबडीत भिंतीला अधिक लागते. डब्यावर छापलेला आकडा हा प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो, तो गृहीत धरून कमी रंग आणू नये.

सगळा रंग एकाच वेळी, एकाच दुकानातून, मशीनवर काढून घ्यावा, आणि दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून मगच लावावेत, कारण निळ्याचे स्टेनर, म्हणजे मशीनमधून पडणारा दाट रंग, फार तेज असते आणि एखाद्या थेंबाचा फरकही शेजारच्या भिंतीवर कळतो. मशीनवर काढलेला रंग दुकानदार परत घेत नाही. झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर आणि बेसचे नाव डबा उघडण्यापूर्वी स्वतः वाचून पाहावे. रंगाऱ्याशी बोलताना तर रंगाच्या नावापेक्षा नंबरच बोलावा. आपल्याकडे अनेक रंगारी कन्नड बोलणारे असतात, आणि ‘तिळी नीली’ म्हणजे फिकट निळा आणि ‘कडु नीली’ म्हणजे गडद निळा इतके कळले तरी गप्पा होतात, पण तुमचा आकाशी आणि त्यांचा आकाशी एक असेलच असे नाही.

काम केव्हा काढावे? सगळे गाव गणपतीच्या आधी रंग काढते आणि रंगारी तेव्हाच मिळत नाहीत. त्यातून श्रावणातल्या दमट हवेत लांबी वाळत नाही, वरून लावलेला रंग आतली ओल कोंडतो आणि बुरशी धरते. बैठकीची खोली गणपतीसाठी उजळायची असेल तर उजळावी, झोपण्याची खोली दसरा-दिवाळीनंतर काढावी. दारे-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट घासायचा असेल तर मुले घरात नसताना, पाणी लावून घासावा. घरगुती रंगांतले शिसे 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) कमी ठेवण्याचा नियम 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते किती असेल याचा भरवसा नाही. शेवटचा हात झाल्यावर तीन-चार दिवस खिडक्या उघड्या ठेवून खोलीत झोपणे टाळावे.

उरलेला रंग मोठ्या डब्यात तळाशी ठेवला तर हवेने सुकून जातो, म्हणून तो गाळून काचेच्या बरणीत काठोकाठ भरावा, झाकण घट्ट लावावे, आणि छटेचा नंबर, बेस आणि तारीख चिठ्ठीवर लिहून एक चिठ्ठी बरणीला आणि दुसरी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी. पुढच्या वर्षी खिळ्याचे भोक बुजवायला तो लागेलच, पण तो ब्रशने ठिपक्यासारखा लावू नये; स्पंजच्या लहान तुकड्याने हलके टिपत कडा विरवाव्यात, आणि वर्षभराने भिंतीचा रंग थोडा उतरलेला असतो म्हणून आधी पलंगामागच्या, न दिसणाऱ्या जागी टिपून पाहावे.